ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसच्या सुधारणांचा इतिहास कागदांतून कसा वाचावा

ब्रिटनमध्ये स्पर्धा परीक्षेनं सरकारी नोकरी कधीपासून मिळू लागली, असं विचारलं की बहुतेक नोट्समध्ये एकच उत्तर सापडतं: १८५४, नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवाल. ते चुकीचं आहे. १८५४ साली अहवाल छापला गेला, एवढंच. परीक्षा घेणारं मंडळ १८५५ मध्ये आलं, त्या मंडळाच्या प्रमाणपत्राला खरी किंमत १८५९ मध्ये आली आणि खुली स्पर्धा १८७० मध्ये. तीही सगळ्या खात्यांत नाही.

आपल्याकडं समितीचा अहवाल आणि जीआर यांत जो फरक असतो, तोच इथं लक्षात ठेवायचा. अहवाल गाजतो, त्यावर अग्रलेख येतात आणि तो कपाटात जातो. जीआर निघेपर्यंत काही हलत नाही. निघाला तरी वित्त विभागाची मान्यता नसेल तर तो कागदच राहतो. लंडनमध्ये वित्त विभागाच्या जागी ट्रेझरी आणि जीआरच्या जागी बहुधा ऑर्डर इन कौन्सिल, म्हणजे राणीच्या किंवा राजाच्या नावानं निघालेला हुकूम. दीडशे वर्षं ही सेवा कायद्यावर कमी आणि अशा हुकमांवर जास्त चालली.

तर पहिलं काम: वही आडवी धरा आणि पाच रकाने आखा. शिफारस, हुकूम, अंमल, पैसा, आणि पाचवा ‘कोण सुटलं’. प्रत्येक सुधारणेसाठी एक ओळ. पहिले तीन रकाने तारखांचे आहेत. चौथ्यात पगार, पेन्शन किंवा खर्चाचा अधिकार यांत काय बदललं ते लिहायचं. पाचव्या रकान्यात नियमातून वगळलेली खाती आणि माणसं. हा पाचवा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत आणि तिथंच फसतात.

आधी माणसं मोजून घ्या

सुरुवातीलाच ठरवा की सिव्हिल सर्व्हंट म्हणजे कोण. मराठीत आपण ‘सरकारी नोकर’ म्हणतो आणि त्यात तलाठी, हवालदार, जिल्हा परिषदेचे गुरुजी, सिव्हिल हॉस्पिटलची नर्स असे सगळे येतात. ब्रिटनमध्ये यांतलं जवळपास कुणीच येत नाही. शिक्षक, पोलिस, स्थानिक कौन्सिलांचे कर्मचारी, राष्ट्रीय आरोग्य सेवेतले डॉक्टर आणि नर्स हे सार्वजनिक क्षेत्रात मोडतात, सिव्हिल सर्व्हिसमध्ये नाही. लष्कर, न्यायाधीश आणि मंत्रीही बाहेर. १९३१ मध्ये टॉमलिन आयोगानं केलेली व्याख्या आजही कामाला येते: राजकीय किंवा न्यायिक पद नसलेला, मुलकी कामावर असलेला आणि ज्याचा पगार पूर्णपणे व थेट पार्लमेंटनं मंजूर केलेल्या पैशातून निघतो असा राजसत्तेचा सेवक. उत्तर आयर्लंडची सिव्हिल सर्व्हिस वेगळी आहे, हेही वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवा.

आकड्यांची तुलना करताना याचाच घोळ होतो. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या तेव्हा सिव्हिल सर्व्हिसमध्ये सुमारे ७,३२,००० माणसं होती. त्यांपैकी साधारण १,६६,००० ‘औद्योगिक’, म्हणजे गोद्या, शस्त्रागारं, कारखाने, छापखाने यांतले कामगार. उरलेली ५,६६,००० कचेरीतली. कुणी लेखक पहिला आकडा घेतो, कुणी तिसरा, आणि कोणता घेतला ते सांगत नाही. २०१६ मध्ये पूर्णवेळ समकक्ष हिशेबानं, म्हणजे अर्धवेळ माणसं त्यांच्या कामाच्या प्रमाणात धरून, संख्या सुमारे ३,८४,००० पर्यंत उतरली, ती दुसऱ्या महायुद्धानंतरची सर्वांत कमी. पण ‘७,३२,००० वरून ३,८४,०००’ असं सरळ लिहिलं तर त्यात खाजगीकरण झालेले शस्त्रास्त्र कारखानेही ‘कपात’ म्हणून मोजले जातात. १९६९ च्या आधीच्या आकड्यांत आणखी एक खड्डा आहे. त्या वर्षी १ ऑक्टोबरला पोस्ट ऑफिस सरकारी खातं न राहता महामंडळ झालं. तोवर पत्र वाटणारा पोस्टमनसुद्धा सिव्हिल सर्व्हंट होता. म्हणून कोणताही आकडा उचलताना तीन गोष्टी विचारा: पोस्ट धरलं आहे का, औद्योगिक कामगार धरले आहेत का, आणि डोकी मोजली आहेत की पूर्णवेळ समकक्ष.

कागद शोधायचा कसा

पार्लमेंटपुढं ठेवलेल्या सरकारी कागदांना क्रमांक असतात आणि त्या क्रमांकाआधीची अक्षरं काळानुसार बदलत गेली. १८६९ पर्यंत नुसता आकडा, बहुधा चौकटी कंसात. १८७० ते १८९९ ‘सी.’, १९०० ते १९१८ ‘सीडी.’, १९१९ ते १९५६ ‘सीएमडी.’, १९५६ ते १९८६ ‘सीएमएनडी.’, १९८६ ते २०१८ ‘सीएम’ आणि त्यानंतर ‘सीपी’. प्रत्येक मालिकेत आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळं टॉमलिनचा सीएमडी. ३९०९ शोधताना ‘सी.’ किंवा ‘सीडी.’ लावलंत तर भलत्याच विषयाचा कागद हातात येतो. अक्षर आणि वर्ष जुळतं का ते आधी बघायचं, मग आकडा.

एक सापळा या विषयापुरता खास आहे. नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाचा क्रमांक १७१३, सत्र १८५४. त्यावर खातेप्रमुखांची आणि विद्वानांची मतं मागवली गेली, ती १८५५ मध्ये एकत्र छापली. त्या संग्रहाचा क्रमांक आहे १८७०. पुढं खरोखरच १८७० साली खुल्या स्पर्धेचा हुकूम निघाला. तळटिपेत ‘१८७०’ दिसलं आणि त्याला साल समजून बसलात की १८५५ ची मतं १८७० ची होतात, आणि ट्रेझरीला झालेला विरोध पंधरा वर्षं पुढं सरकतो.

मूळ अहवाल मिळाला नाही तरी अडू नका. १९६८ च्या फुल्टन समितीच्या अहवालाच्या पहिल्या खंडात तो परिशिष्ट म्हणून संपूर्ण छापला आहे. वीसेक पानांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. चर्चेसाठी हॅन्सार्ड, म्हणजे पार्लमेंटच्या कामकाजाचा वृत्तांत, १८०३ पासूनचा इंटरनेटवर फुकट शोधता येतो. शोधताना सुधारणेचं आजचं नाव टाकू नका. ‘नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन’ हे जोडनाव त्या काळी कुणी वापरत नसे. ‘कायम सिव्हिल सर्व्हिसची रचना’ अशा अर्थाचं अहवालाचं मूळ इंग्रजी शीर्षक टाका, किंवा तारीख धरून जा.

एक ओळ पूर्ण भरून बघू

अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्या सांगण्यावरून चार्ल्स ट्रेव्हेल्यन आणि स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी खात्यांची तपासणी केली. अहवालावर तारीख आहे २३ नोव्हेंबर १८५३. पार्लमेंटपुढं तो फेब्रुवारी १८५४ मध्ये आला. दोन्ही तारखा लिहा, कारण पुस्तकांत दोन्ही सालं येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

वाचताना शिफारशी चार खुणांनी वेगळ्या काढा. भरतीसाठी एक मध्यवर्ती मंडळ आणि खुली लेखी परीक्षा. बुद्धीचं काम आणि नकलण्याचं, नोंदी करण्याचं यांत्रिक काम यांची फारकत. बढती ज्येष्ठतेनं न देता गुणांवर. आणि विखुरलेल्या खात्यांची मिळून एक सेवा. पाचवी गोष्ट शेवटाकडं आहे आणि ती हमखास नजरेतून सुटते: हे सगळं पार्लमेंटच्या कायद्यानं करावं, असं त्यांनी म्हटलं आहे.

त्याआधीची पद्धत म्हणजे वशिला. ट्रेझरीत पेट्रोनेज सेक्रेटरी नावाचं पदच होतं. सरकारच्या बाजूचे खासदार आपल्या मतदारसंघातल्या कुणाच्या मुलासाठी, कुणाच्या भाच्यासाठी त्याच्याकडं चिठ्ठी पाठवत, आणि मतदानाच्या वेळी खासदारांना सांभाळणारा माणूसही तोच. म्हणजे कारकुनाची जागा हे पक्ष चालवण्याचं चलन होतं. हे समजलं की अहवालाला विरोध का झाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

क्रिमियन युद्ध सुरू झालं आणि कायद्याचा विषय मागं पडला. युद्धातल्या गैरव्यवस्थेवर लोक चिडले तेव्हा २१ मे १८५५ ला ऑर्डर इन कौन्सिल निघाली आणि सिव्हिल सर्व्हिस कमिशन स्थापन झालं. दुसऱ्या रकान्यात ही तारीख. पण हुकूम नीट वाचा. कमिशनरांनी चार गोष्टी तपासायच्या होत्या: वय त्या पदाच्या मर्यादेत आहे का, प्रकृती ठीक आहे का, चारित्र्य चांगलं आहे का, आणि कामापुरतं ज्ञान आहे का. उमेदवाराचं नाव सुचवण्याचा अधिकार पूर्वी होता त्यांच्याकडंच राहिला. खात्याला वाटलं तर एका जागेसाठी दोन-तीन नावं पाठवून त्यांच्यात चढाओढ लावता येई. त्यातूनही वाट निघाली. आपल्या माणसाबरोबर दोन मठ्ठ उमेदवार पाठवायचे, म्हणजे ‘स्पर्धा’ होते आणि आपला माणूस पहिला येतो. अशा भरतीच्या उमेदवारांना ‘ट्रेझरीचे मूर्ख’ असं नावच पडलं होतं. म्हणून १८५५ समोर ‘मर्यादित स्पर्धा’ असा शेरा मारा.

आता चौथा रकाना. इतिहासाची पुस्तकं इथं घाईनं पुढं जातात. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा हाच आहे. १८५५ च्या हुकमाला दात नव्हते. एखाद्या खात्यानं कमिशनच्या प्रमाणपत्राशिवाय माणूस घेतला तर काय? काहीच नाही. ते दात १८५९ च्या सुपरॅन्युएशन कायद्यानं दिले. त्याच्या कलम १७ चा मतितार्थ असा: थेट राजसत्तेनं नेमलेला नसेल, तर कमिशनचं प्रमाणपत्र घेऊन आलेलाच पेन्शनसाठी कायम सेवेतला धरला जाईल. प्रमाणपत्र नाही तर पेन्शन नाही. मग वशिल्याचा माणूससुद्धा स्वतःहून परीक्षेला बसायला तयार झाला.

ही पेन्शन किती होती ते हातानं काढून बघा, म्हणजे धमकीचं वजन कळतं. वार्षिक पगाराला ६० नं भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. किमान दहा वर्षं नोकरी हवी आणि चाळीस वर्षांपुढं वाढ नाही. वर्षाला ३०० पौंड पगारावर २८ वर्षांनी निवृत्त होणाऱ्याला ३०० ÷ ६० × २८, म्हणजे वर्षाला १४० पौंड. चाळीस वर्षं भरली तर २००. पगारातून वर्गणी कापली जात नव्हती. १९०९ नंतर भरती झालेल्या पुरुषांसाठी सूत्र बदललं: साठाव्या भागाऐवजी ऐंशीवा भाग आणि सोबत एकरकमी रक्कम. एखाद्याची पेन्शन तुमच्या हिशेबाशी जुळत नसेल तर आधी भरतीचं वर्ष तपासा.

तिसऱ्या रकान्यात १८७०. ग्लॅडस्टन पंतप्रधान, रॉबर्ट लो अर्थमंत्री. ४ जून १८७० च्या हुकमानं खुली स्पर्धा आली. पाचव्या रकान्यात लगेच दोन नावं: परराष्ट्र खातं आणि गृह खातं. गृह खातं १८७३ मध्ये आत आलं. परराष्ट्र खातं मात्र निवडक उमेदवारांतच चढाओढ लावत राहिलं, आणि राजनैतिक सेवेत यायचं तर वर्षाला ४०० पौंडांचं खाजगी उत्पन्न असल्याची अट पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत, १९१९ पर्यंत टिकली. ‘गुणवत्तेचं राज्य’ असं १८७० समोर लिहिण्याआधी या ओळीकडं एकदा बघा.

आणि तो कायदा? मधली दीडशेहून अधिक वर्षं कायदा झालाच नाही. २०१० च्या कॉन्स्टिट्यूशनल रिफॉर्म अँड गव्हर्नन्स कायद्यानं सिव्हिल सर्व्हिस कमिशनला वैधानिक रूप दिलं आणि ‘खुल्या व न्याय्य स्पर्धेतून गुणवत्तेवर’ नेमणूक हे तत्त्व कलमात बसवलं.

स्त्रियांची ओळ वेगळी आखा

वरची सगळी ओळ पुरुषांची आहे. १८७० मध्ये पोस्ट खात्यानं खाजगी तार कंपन्या ताब्यात घेतल्या आणि तिथल्या तारयंत्रावर काम करणाऱ्या स्त्रिया आपसूक सरकारी नोकरीत आल्या. परीक्षेच्या हुकमाशी त्याचा संबंध नाही. १९१९ च्या कायद्यानं स्त्री म्हणून अपात्र ठरवण्याची अट काढली, पण त्याच कायद्यातल्या एका परंतुकानं सिव्हिल सर्व्हिसपुरते हुकूम काढून वेगळे नियम करण्याची मोकळीक ठेवली. प्रशासकीय वर्गाच्या स्पर्धेत स्त्रिया बसल्या १९२५ मध्ये. लग्न झालं की राजीनामा, हा नियम गेला १९४६ मध्ये. राजनैतिक सेवेत तो १९७० च्या दशकापर्यंत होता. समान वेतन १९५५ पासून टप्प्याटप्प्यानं देत जानेवारी १९६१ मध्ये पूर्ण झालं. एका ओळीत बेचाळीस वर्षं. ‘१९१९ मध्ये दारं उघडली’ एवढ्यावर थांबणाऱ्यानं परंतुक वाचलेलं नसतं.

अहवालाआधी कार्यकक्षा वाचा

आयोग आणि समित्या पुष्कळ आहेत: प्लेफेअर १८७४-७५, रिडली १८८६-९०, मॅकडॉनेल १९१२-१५, हॉल्डेन १९१८, टॉमलिन १९२९-३१, प्रीस्टली १९५३-५५, फुल्टन १९६६-६८. सगळ्या वाचायची गरज नाही. प्लेफेअर घ्या ‘लोअर डिव्हिजन’ कारकुनांसाठी, प्रीस्टली घ्या बाहेरच्या नोकऱ्यांशी पगाराची तुलना करण्याच्या तत्त्वासाठी, हॉल्डेन घ्या खात्यांची वाटणी कामानुसार करावी या विचारासाठी. रिडली घाई असेल तर सोडा.

फुल्टन मात्र सोडू नका, आणि तो वाचताना पहिल्या पानावरची कार्यकक्षा आधी वाचा. हेरॉल्ड विल्सन सरकारनं समितीला रचना, भरती, व्यवस्थापन आणि प्रशिक्षण तपासायला सांगितलं. मंत्री आणि अधिकारी यांचे संबंध आणि सरकारी यंत्रणेची मांडणी हे विषय बाहेर ठेवले. त्यामुळं ‘फुल्टननं मंत्र्यांच्या जबाबदारीबद्दल काहीच म्हटलं नाही’ अशी तक्रार करणं म्हणजे रस्त्याच्या ठेकेदाराला नळ का नाही आला म्हणून विचारणं.

समितीला ४७ सर्वसाधारण वर्ग आणि १,४०० हून अधिक खातेनिहाय वर्ग आढळले, प्रत्येकाची भरती, पगार आणि बढतीची शिडी वेगळी. अहवालात १५८ शिफारशी आहेत. त्या एकदम ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणून नोंदवू नका. वेगवेगळ्या ओळी करा. स्वतंत्र सिव्हिल सर्व्हिस खातं: १ नोव्हेंबर १९६८ ला सुरू, १९८१ मध्ये थॅचर सरकारनं बंद केलं, म्हणजे आयुष्य तेरा वर्षं. सिव्हिल सर्व्हिस कॉलेज: १९७०. सगळे वर्ग मोडून वरपासून खालपर्यंत एकच श्रेणी: १९७१ मध्ये कारकुनी, कार्यकारी आणि प्रशासकीय वर्ग एका गटात आणले, वरच्या पदांसाठी सलग रचना केली, आणि तळापर्यंत ती गेलीच नाही. कामाशी संबंधित विषयातल्या पदवीधरांना भरतीत झुकतं माप: सरकारनं नाकारलं. ‘हौशी सर्वज्ञ’ अधिकाऱ्यांवरची फुल्टनची टीका सगळीकडं उद्धृत होते. ज्या शिफारशीनं ती प्रत्यक्षात आली असती, तीच पडली.

फुल्टनचे पाच खंड आहेत. पहिला मतांचा, दुसरा व्यवस्थापन सल्लागार गटाच्या पाहणीचा, तिसरा सामाजिक सर्वेक्षणाचा, चौथा वस्तुस्थिती आणि आकडेवारीचा, पाचवा मागवलेल्या सूचनांचा. वेळ कमी असेल तर पहिला आणि चौथा. पहिल्या खंडातली वाक्यं चुरचुरीत आहेत आणि म्हणूनच ती चौथ्यावर घासून बघायची.

१९८८ नंतर कागद बदलतो

इथून पुढं नुसते हुकूम शोधून भागत नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये ‘नेक्स्ट स्टेप्स’ अहवाल प्रसिद्ध झाला: धोरण ठरवणारं लहान केंद्र आणि सेवा देणाऱ्या स्वतंत्र एजन्स्या. पहिली एजन्सी, वाहन तपासणीची व्हेइकल इन्स्पेक्टोरेट, ऑगस्ट १९८८ मध्ये निघाली आणि दहा वर्षांत सुमारे तीन-चतुर्थांश सिव्हिल सर्व्हंट अशा रचनेखाली काम करू लागले. त्यांचं सिव्हिल सर्व्हंटपण गेलं नाही; एजन्सी म्हणजे खाजगीकरण नव्हे. काही एजन्स्या पुढं विकल्या गेल्या, त्यांची ओळ वेगळी.

एजन्सीचा अभ्यास करायचा तर तिचा ‘फ्रेमवर्क डॉक्युमेंट’ मागवा. त्यात उद्दिष्टं, मंत्र्याचे अधिकार, चीफ एक्झिक्युटिव्हचे अधिकार आणि पैशाचे नियम असतात. त्यात एकच गोष्ट शोधायची: काही बिघडलं तर पार्लमेंटला उत्तर कोण देणार. तुरुंगसेवा १९९३ मध्ये एजन्सी झाली. जानेवारी १९९५ मध्ये पार्कहर्स्ट तुरुंगातून कैदी पळाले. त्या ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी महासंचालक डेरेक लुईस यांना काढलं. धोरण मंत्र्याचं, रोजचा कारभार एजन्सीचा, अशी विभागणी पुढं केली गेली. मंत्री रोजच्या कारभारात किती हात घालत होते यावर बराच वाद झाला. तो वाद फ्रेमवर्क डॉक्युमेंट समोर ठेवून वाचा. नाहीतर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

मंत्री आणि अधिकारी यांच्यातला तणाव पकडायला दुसरा एक कागद फार उपयोगी आहे: मंत्र्याचा लेखी निर्देश. खात्याचा पर्मनंट सेक्रेटरी, म्हणजे तिथला सर्वांत वरचा कायम अधिकारी, बहुधा लेखाधिकारीही असतो आणि खर्चाबद्दल तो स्वतः पार्लमेंटला जबाबदार असतो. खर्च पैशाच्या मोलाचा नाही असं वाटलं तर तो मंत्र्याकडं लेखी निर्देश मागतो. मंत्र्यानं दिला की काम करावंच लागतं, पण जबाबदारी मंत्र्याची होते. मलेशियातल्या पर्गाऊ धरणाच्या मदतीबाबत परदेशी मदत खात्याचे पर्मनंट सेक्रेटरी टिम लँकेस्टर यांनी १९९१ मध्ये असा निर्देश मागितला होता. १९९४ मध्ये उच्च न्यायालयानं ती मदत बेकायदा ठरवली. आपल्याकडं फाइलवर ‘मा. मंत्री महोदयांच्या आदेशानुसार’ असा शेरा पडतो, त्याचा हा जरा औपचारिक भाऊ. पण ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पाठीशी आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३११ सारखं, मनमानी बडतर्फीपासूनचं संरक्षण कधीच नव्हतं. तो राजसत्तेच्या मर्जीवर नोकरीत असे. १९८५ मध्ये क्लाइव्ह पाँटिंग, म्हणजे खात्याचे कागद खासदाराला पुरवणारा संरक्षण खात्यातला अधिकारी, खटल्यातून सुटल्यावर कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी टिपण काढलं: व्यवहारात राजसत्ता म्हणजे त्या वेळचं सरकार. १९९६ ची सिव्हिल सर्व्हिस आचारसंहिता वाचायची ती या टिपणाच्या शेजारी ठेवून.

भारताची ओळ मिसळू नका

इंडियन सिव्हिल सर्व्हिस (आयसीएस) आणि ब्रिटनची होम सिव्हिल सर्व्हिस या दोन वेगळ्या सेवा. भारताची खुली स्पर्धा आधी आली: १८५३ च्या चार्टर कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा नेमणुकांचा अधिकार काढला, मेकॉले समितीनं १८५४ मध्ये परीक्षेचा आराखडा दिला आणि १८५५ मध्ये पहिली परीक्षा लंडनला झाली. होम सर्व्हिसच्या १८७० पेक्षा पंधरा वर्षं आधी. गल्लत होण्याचं कारण माणसं तीच आहेत. ट्रेव्हेल्यन हे कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिकून बंगालमध्ये नोकरी केलेले आणि मेकॉले यांचे मेहुणे. १८५५ च्या कमिशनमधले सर एडवर्ड रायन हे कलकत्त्याचे माजी सरन्यायाधीश. ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेंजामिन जोवेट मेकॉले समितीतही आहेत आणि नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाच्या कागदांतही. १८९५ पासून दोन्ही सेवांची वरची परीक्षा एकत्र घेऊ लागले, त्यामुळं त्यानंतरची गुणवत्ता यादी वाचताना कोण कुठल्या सेवेत गेला ते वेगळं पाहावं लागतं. भारतात परीक्षा केंद्र १९२२ मध्ये आलं. म्हणून १९१८ च्या परीक्षेत पहिले आलेले चिंतामणराव देशमुख लंडनलाच बसले होते.

एकाच माणसाचा माग काढायचा असेल तर

लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘सीएससी’ अक्षरांखाली कमिशनचे कागद, ‘टी’ खाली ट्रेझरीचे, ‘बीए’ खाली सिव्हिल सर्व्हिस खात्याचे. सूची घरबसल्या शोधता येते. वैयक्तिक सेवापुस्तकं मात्र बहुतेक नष्ट केलेली आहेत, तेव्हा तिथून सुरुवात केलीत तर निराशा ठरलेली. आधी १८०९ पासून निघणारं ब्रिटिश इम्पीरियल कॅलेंडर घ्या आणि नाव कोणत्या वर्षी येतं, कधी गळतं ते बघा. मग ‘लंडन गॅझेट’, त्यात कमिशनच्या प्रमाणपत्रांच्या याद्या छापून येत. कंपनीच्या काळातल्या उमेदवारांचे अर्ज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या ‘जे/१’ मालिकेत १८५६ पर्यंत आहेत. मुंबई इलाख्यात काम केलेल्यांसाठी मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार विसरू नका. पहिले भारतीय आयसीएस सत्येंद्रनाथ टागोर यांची नोकरी याच इलाख्यात झाली आणि ते साताऱ्याहून निवृत्त झाले.

उमेदवारांनी वयाच्या पुराव्यासाठी दिलेल्या कागदांचा मोठा संग्रह लंडनच्या सोसायटी ऑफ जिनिऑलॉजिस्ट्समध्ये आहे. हे कागद का जपले गेले ते कळायला १८६९ ची आयसीएस परीक्षा बघा. उत्तीर्ण झालेल्या चार भारतीयांपैकी दोघांना, बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर यांना, वय २१ च्या मर्यादेपलीकडं गेलं म्हणून वगळलं. विद्यापीठाच्या नोंदीत वय आपल्या रीतीनं, म्हणजे चालू वर्ष धरून लिहिलेलं. आपण ‘सोळावं लागलं’ म्हणतो तेव्हा पंधरा पूर्ण झालेली असतात. कमिशनरांनी मात्र सोळा पुरी धरली. प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयात गेलं आणि दोघांना परत घ्यावं लागलं. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय उमेदवाराचं जन्मसाल दाखल्यावरून काढताना म्हणून दोन उत्तरं लिहा, एक पूर्ण वर्षांचं आणि एक चालू वर्षाचं. मग त्या वर्षीची वयोमर्यादा लावा: १८६६ पासून २१, १८७८ पासून १९, १८९२ पासून पुन्हा २३. दोन्हींपैकी कोणतं उत्तर मर्यादेत बसतं त्यावरून दाखला कसा लिहिला होता याचा अंदाज बांधता येतो. दोन्ही बसत असतील तर पत्रिका किंवा घरचं टिपण मिळेपर्यंत जागा कोरी ठेवा.